बुजवलेल्या विहिरीवरची टिक

"मॅडम, बावडी का काम हो गया. टिक भी मार दिया मैं."

फोनवर शफीकभाई खुशीत होते. ती विहीर तर एवढ्यात बुजवायची नव्हती.

शफीकभाई आमच्या साइटचे सुपरवायझर. बजाजनगरच्या पुढं आमची कंपनी शेतजमिनीवर प्लॉट पाडत होती. शहर तिकडं सुसाट पळत होतं आणि त्याच साली दुष्काळही पडला होता. ऑफिसातून प्रोजेक्ट्स मी बघायचे. सगळ्यांच्या मोबाइलवर कामांच्या यादीचं टू-डू ॲप मीच घातलं; काम झालं की टिक मारायची. त्यात 'प्रोजेक्ट' म्हणजे एका झटक्यात न होणारं काम. 'नेक्स्ट ॲक्शन' म्हणजे त्यातलं लगेच हात घालता येईल असं पाऊल. 'सपाटीकरण' या प्रोजेक्टची नेक्स्ट ॲक्शन होती, विहीर बुजवणे.

त्या विहिरीवर मेंढरं घेऊन आलेले विठोबामामा मला भेटले होते.

"ताई, आम्ही गंगापूरकडं चाललो. परतताना मेंढरं हितंच पाणी पितेत. तवर बुजवू नका. दुसरीकडं लई हाल हायेत."

"नाही बुजवत, मामा."

कंपनीचे साहेबही म्हणाले, "ठीक आहे, थांबू."

पण ॲपमध्ये 'थांबा' लिहायचं कसं? ज्यावर टिक पडत नाही ते यादीत नको, हा नियम माझाच. मी विहीर उचलून 'नंतर'च्या यादीत टाकली. हात रिकामे असतील तेव्हा 'नंतर'मधलं उरकायचं, हेही मीच शिकवलं होतं.

"जेसीबी खाली खडा था, कुछ काम नहीं था. तुमीच बोले थे ना मॅडम?" शफीकभाई फोनवर सांगत होते.

माणूस सांगितल्याबरहुकूम वागला होता.

मामा परतले तेव्हा मी टँकर घेऊन उभी होते. बाजूला उकरलेल्या खड्ड्यात ताडपत्री अंथरून पाणी ओतलं. मेंढरं तुटून पडली. मामा सपाट मातीकडं बघत राहिले.

"व्हय म्हणला होता की, ताई."

"टँकर आणलाय ना, मामा."

"आजचं भागलं."

मामांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते पुन्हा त्या वाटेनं आले नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

ॲपमध्ये तो प्रोजेक्ट हिरवागार आहे, पूर्ण. आता तिथं घरं झालीत. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि जुनी विहीर नेमकी कुठं होती, हे मलाच विचारते.

करायची कामं ॲपला खुशाल सांगावीत. करायचं नाही ते मात्र माणसाला फोन करून सांगावं. शफीकभाईंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर होता, तरी तो एक फोन मी केला नव्हता.