जोडीदाराचा रकाना

बासष्टाव्या वर्षी घड्याळजी समुद्रात बुडी मारायला निघाले, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच!" पण बेत मुळात बायकोचा होता. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि बेत तेवढा मागे राहिला. तीन विमानं, वर एक बोट, असा एकतीस तासांचा प्रवास त्यांनी तोंडातून चकार शब्द न काढता केला. बोलायचं तरी कुणाशी?

बेटावर आधी फॉर्म भरायचा होता. पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून जोडीदाराच्या नावाचा रकाना. पस्तीस वर्षांच्या सवयीनं हातानं बायकोचं नाव लिहून टाकलं. पाण्यात सोबतीला शिक्षकच उतरला, पण नाव खोडायचं कुणालाच सुचलं नाही.

सगळे वर आल्यावर नावाडी यादी वाचून हजेरी घेऊ लागला. एका नावाला कुणी ओ देईना. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "एक बाई वर आल्या नाहीत! इंजिन बंद करा!"

बोटीवरची माणसं कठड्याशी धावली आणि पाण्याकडे बघत तिला हाका मारू लागली. घड्याळजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. घरात तिचं नाव घ्यायचं सगळ्यांनी केव्हाच सोडलं होतं. इथं परकी माणसं घसा फोडून तेच नाव घेत होती.

त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं, आणि आणखी एक हाक होऊ दिली.