मखराभोवतीची गाडी

गणपती आमच्याकडे आला त्या पहिल्याच वर्षी मी मखराभोवती रेल्वे फिरवायचं ठरवलं. खरं तर तो गणपती वणीचा. आमच्या घराण्यात गणपती एकच, आणि तो थोरल्याच्या, म्हणजे वणीला माझ्या मोठ्या भावाच्या घरी बसायचा. भाऊ गेला, मूलबाळ नव्हतं. त्याचं वर्ष सरल्यावर वहिनींनीच सांगितलं की आता भाऊजींनी बसवावा. म्हणून तो गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आला, आणि इतकी वर्षं ज्यांनी त्याचे मोदक वळले त्या वहिनी पाहुण्या म्हणून आल्या.

अशा वेळी माणसानं जरा जपून वागावं. पण मला हौसेनं झपाटलं होतं. माझी रेल्वे चावीची नव्हे, डिजिटल. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी चिप असते आणि तिला स्वतःचा नंबर. रुळांतून वीजही जाते आणि हुकूमही. मोबाइलवर नंबर निवडला की तेवढंच इंजिन ऐकतं, त्याच रुळावरचं दुसरं जागचं हलत नाही. बघणारे तोंडात बोट घालायचे आणि मी, ज्याला कंपनीत कुणी हिंग लावून विचारत नाही, फुगून बसायचो.

या सगळ्याला एक गोष्ट अजिबात चालत नाही, रुळावरचा कचरा. तांदळाचा दाणा आला आणि डबा घसरला की धातूचं चाक आडवं होऊन दोन्ही रुळांना टेकतं, शॉर्ट होतो आणि सगळ्याच गाड्या ठप्प. म्हणजे अक्षता नकोत. गणपतीपुढे अक्षता नकोत म्हणणारा शहाणा मीच पहिला असेन. हे मी फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आरतीपुरती तरी गाडी बंद ठेवा. ते मी ऐकलं नाही, कारण लोक आरतीलाच तर येणार होते.

संध्याकाळी सोसायटीतले बरेच जण आले. आरती झाली, मंत्रपुष्पांजली सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे, माझे मोबाइलकडे. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मूठभर अक्षता उधळल्या, त्या रुळांपासून वीतभर अंतरावर पडल्या. माझा जीव वरखाली झाला, पण मी गप्प बसलो. मग वहिनींनी हात उचलला आणि मी जवळजवळ ओरडलोच, "वहिनी, तुम्ही नका टाकू."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गाडी मात्र छान वळण घेऊन मखरामागे गेली. वहिनींनी मूठ मिटली, पदराखाली घेतली आणि जाऊन बायकांच्या मागे उभ्या राहिल्या. माझ्या तेव्हाही काही लक्षात आलं नाही. मी इंजिनाची शिट्टी वाजवली, पोरांनी टाळ्या पिटल्या.

प्रसाद वाटता वाटता बायको माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली की विधवा म्हणून अडवलंत, असंच सगळ्यांना वाटलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी बंद केली आणि स्वयंपाकघरात गेलो. वहिनी सिंकपाशी पातेली घासत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काय चुकलं नाय. माझ्याच ध्यानात राह्यलं नाय. लय वर्सांची सवय हाय ना हाताला."

माझीच समजूत काढत होत्या त्या. मी घाईघाईनं त्यांना रूळ, दाणा, शॉर्ट सगळं सांगितलं. चिपसुद्धा समजावली, काय म्हणावं मला! त्या पातेलं विसळत मान डोलवत राहिल्या. "आसंल," एवढंच म्हणाल्या.

समोरच्या बाईंना का नाही अडवलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं, की परक्या बाईवर ओरडायची मला लाज वाटली, तुमच्यावर ओरडायची नाही वाटली.