पोटदुखीचा पत्ता

आमच्या मॅडम पेशंटची नाडी नंतर बघायच्या, आधी वास घ्यायच्या. खराडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टर होत्या आणि मी सिस्टर. बाहेर आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती चढत होत्या. आमच्या दारात खोकला, खरूज आणि पोटदुखीची रांग. कुणाच्या अंगाला रॉकेलचा वास, कुणाच्या ओल्या सिमेंटचा. मॅडम नाक पुढे करून विचारायच्या, "काम कुठं करता? घराशेजारी काय आहे?" नवा पेशंट बिचकायचाच. "आजाराला पत्ता असतो, सिस्टर," त्या म्हणायच्या. "तो न विचारता गोळ्या द्यायच्या, तर दुकान काय वाईट?"

काही सापडलं की त्या खुर्चीत मावायच्या नाहीत. ओपीडी संपताच "चला!" म्हणून मला स्कूटरवर मागे बसवायच्या. एकदा कावीळ पसरलेल्या सोसायटीत साडी खोचून थेट पाण्याच्या टाकीवर चढल्या. "मॅडम, परमिशन?" वॉचमननं खालून विचारलं. "आतल्या मेलेल्या कबुतरानं घेतली होती का?" वरून उत्तर आलं.

सोनीची गोष्ट त्याच दिवसांतली. चार-पाच वर्षांची पोर, फिकट, चिडचिडी, सतत पोट धरून बसणारी. जंताचं औषध देऊन आम्ही थकलो होतो. एक दिवस आईऐवजी बाप तिला घेऊन आला. मॅडमनी त्याच्याच शर्टाचा वास घेतला. आंबूस, घशात टोचणारा. शर्टावर बारीक बारीक भोकं.

"हे कशानं?"

"ॲसिडनं, मॅडम. मांजरी गावाकडं शेडात हाय मी. कंपूटरच्या हापिसातल्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, शिसं वितळवायचं. पोरंबी तितंच खेळत्यात."

मॅडमनी सोनीचा ओठ वर केला. हिरडीवर निळसर रेघ होती. "शिसं! सिस्टर, शिसं भिनलंय हिच्या अंगात!" त्या जवळजवळ ओरडल्याच. बाप घाबरून म्हणाला, "माझं नाव नका घेऊ. काम जाईल."

नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही शेडात. उसाच्या फडाआड कढया रटरटत होत्या, राखेत पोरं घरं बांधत होती. मालक अदबीनं म्हणाला, "मॅडम, दहा घरांची पोटं चालतात इथं."

"चालतात कुठं? दुखतात. म्हणून तर आले मी."

वस्तीतल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासायला पाठवलं. जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात शिसं निघालं. वरचे साहेब म्हणाले, "तुम्ही पोटदुखीवर औषध द्या. शेड आपल्या खात्यात येत नाही."

"मग पोट कुठल्या खात्यात येतं, साहेब? तिथं जाते."

त्या खरंच गेल्या, एका कचेरीतून दुसरीत, रिपोर्ट आपटत. शेवटी शेडला सील लागलं. त्या आठवड्यात सोनीची आई दारात उभी राहून भांडली, "आता खायचं काय?" मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग आम्ही दोघी आयटी पार्कच्या गेटागेटावर शेडातल्या माणसांसाठी काम मागत फिरलो. सोनीच्या बापाला एका बागेत काम मिळालं. काही जणांना मिळालं नाही, ते गाव सोडून गेले.

काही महिन्यांनी तीच आई रांग मोडून आत शिरली. "मॅडम, पोर भाकरी मागतीया! दुसरी भाकरी!" मॅडमनी सोनीला उचलून टेबलावरच उभं केलं आणि सगळ्या रांगेला दाखवलं.

पुढे त्यांची बदली झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, धायरीला. कुणाच्या वजनानं, हे सगळ्यांना कळत होतं. मी रडत होते. त्या मात्र पर्स आवरताना उजळल्या होत्या. "अहो, तिकडच्या विहिरी अजून कुणी बघितल्यासुद्धा नसतील!"

पंधरवड्यात फोन आला. "सिस्टर, रविवारी काय करताय? या इकडे. काहीतरी सापडलंय."

मी गेले. मॅडम होत्या तोवर माझे बरेचसे रविवार असेच गेले, आणि सुट्टी वाया गेली असं एकदाही वाटलं नाही.