शांत चरणारा हत्ती

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. तेवढ्याच बळावर लिहायला धजलो, त्याची आधीच माफी मागतो.

राष्ट्रीय उद्यानात आमच्या सहलीची जीप थांबली. तळ्याकाठी एक सुळेवाला हत्ती चरत होता, पाठीवर दोन बगळे.

"किती शांत आहे ना!" वर्गातली एकजण कुजबुजली.

माझा विश्वास बसेना. आमच्या दोडामार्गाकडे त्याचं नाव घेत नाहीत, ‘गणपती’ म्हणतात. आणि हात जोडतानाही पळायची वाट हेरून ठेवतात.

"फोटो काढ की रे, पुतळ्यासारखा काय बसलायस?" मित्राने डिवचलं.

"त्याचे कान बघतोय, ताठ पसरले की पळायचं," मी म्हटलं.

काल रेंज जाण्याआधी आईने सांगितलं होतं, गणपती वाडीत उतरलाय, बाबा केळीच्या बागेत राखणीला गेलेत. मग फोन लागलाच नाही.

बगळे उडाले. सगळे हरखले, मला वाटलं, का उडाले? संशय माझ्या स्वभावात नसेलही. हत्तीच्या शेजारामुळे जडला असेल.

फाटकाबाहेर रेंज आली. आई म्हणाली, "केळी गेली. बाबा बरे आसत. तुझीच काळजी करतत, पोरगो गणपतीच्या रानात गेलो म्हणान."