चि. अर्णव, कु. ओवी आणि मी

चहा उकळतोय तोवर ऐकून घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसा, पुढे मध्ये मध्ये हसलात तर माझी लिंक तुटते. तर आता काय सांगू मंडळी, लग्नाचा पत्ता नसताना मी दोन मुलांचा बाप झालो होतो! एक मुलगा, एक मुलगी. अगदी आटोपशीर कुटुंब. मुलांची नावं मला पाठ होती, तोंडं मात्र मी कधी पाहिली नव्हती.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासायला बसतो. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. संध्याकाळी घरी आलो की कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. परदेशी गेम आहे तो. रस्ते गुळगुळीत, कुणी लेन सोडत नाही, कुणी कुणाला शिव्या देत नाही. तिथं आपल्या माणसाला करमणार कसं? म्हणून आपले लोक त्यात आपल्या गाड्या बनवून घुसवतात. लाल एसटी, टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर. या घुसवलेल्या मालाला म्हणायचं मॉड.

मीसुद्धा एक मॉड बनवला. नाशिकहून पेठला जाणारा घाट आणि त्यातून टोमॅटो घेऊन येणारी पिकअप. फक्त ‘बनवला’ हा शब्द जरा सैल धरा.

घाटाचा रस्ता एकाचा उचलला. झाडं दुसऱ्याची. टोमॅटोचे क्रेट तिसऱ्याचे. आणि पिकअप चौथ्याची. काय पिकअप होती म्हणून सांगू! डाव्या दाराला पोचा, ताडपत्रीला ठिगळ, आरशाला लिंबू-मिरची. ‘सुनी पेठ’ असं नाव लावणाऱ्या कुणीतरी ती नेटवर फुकट ठेवली होती. सोबत एक चिठ्ठी: ‘खुशाल वापरा. फक्त माझं नाव टाका.’

बस! एवढीच अट. मी चिठ्ठी वाचली आणि डिलीट केली.

का? अहो, पहिल्या तिघांची नावं टाकली नव्हती. मग चौथ्याचं एकट्याचं टाकलं तर त्या तिघांना काय वाटेल? असा माझा न्याय!

पिकअपवर जिथं जिथं ‘सुनी पेठ’ होतं तिथं तिथं पुसून ‘निखिल, नाशिक’ केलं. दारावर, काचेवर, नंबरप्लेटच्या वर. मागच्या फळीवर मात्र रंगवलेलं होतं, ‘चि. अर्णव, कु. ओवी’. ते राहू दिलं. तुम्हीच सांगा, मालकाच्या पोरांची नावं नसलेली पिकअप आपल्याकडे कधी पाहिलीत का? मला वाटलं, शोभेला लिहिलंय. पुसलं असतं तर गाडी ओकीबोकी दिसली असती.

मॉड धो धो चालला. लोक खाली लिहायचे, ‘भावा, पोचा एक नंबर!’ मी लिहायचो, ‘मेहनत आहे भावा.’ त्यातच सुनी पेठचा मेसेज आला, ‘दादा, माझं नाव टाकायचं राहिलं का?’ काही दिवसांनी, ‘दादा, विसरलात वाटतं.’ मग फोन नंबर आणि ‘एकदा बोला.’ तिन्ही वेळा मी वाचलं आणि दिसलंच नाही असं केलं. असतं एखाद्याचं अंग चोरून बसायचं कसब!

आणि मग गेमवाल्या एका चॅनेलनं माझी मुलाखत घेतली. व्हिडिओ कॉलवर, पण मी शर्ट इस्त्री केला होता. समोरच्या पोरानं विचारलं, “दादा, मागे अर्णव आणि ओवी लिहिलंय. हे कोण?”

आता ‘मला काय माहीत’ म्हणालो असतो तर संपलंच होतं. म्हणून मी जरा थांबलो, खाली बघितलं आणि म्हणालो, “काळजाचे तुकडे आहेत ते माझ्या. त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय.”

सांगतो ते ऐका, माझा आवाजसुद्धा भरून आला! खालच्या कॉमेंटमध्ये लोक रडले.

नेमकं याच सुमारास मला येवल्याचं स्थळ सांगून आलं. मुलीचं नाव गौरी. वडील, म्हणजे नाना, स्वतः हातमागावर पैठणी विणतात, आणि पदरावरची नक्षी गौरी काढते. आम्ही बघायला गेलो. मला वाटलं होतं, स्वयंपाक येतो का वगैरे आपणच विचारायचं असतं. तिनंच मला विचारलं, “तुम्ही गेममधल्या गाड्या बनवता म्हणे. सगळं स्वतः?”

“अगदी नटबोल्टसकट!” मी म्हणालो.

तिच्या डोळ्यांत जे कौतुक आलं ना, ते बघून मला पोहे गिळवेनात. साधं सांगतो, ती मला फार आवडली. येताना बसमध्ये मी आईला तीन वेळा म्हणालो की येवल्याची हवा छान आहे.

पण मुलीकडचे चौकशी करतात, हे मी विसरलो. गौरीचे मामा नाशिकलाच राहतात. त्यांनी शेजारी विचारलं, कारखान्यात विचारलं, सगळं चोख निघालं. मग त्यांनी मोबाइलवर माझं नाव टाकलं.

दोन दिवसांनी आईला मामांचा फोन.

“ताई, असं फसवायचं नव्हतं.”

“काय झालं हो?” आई घाबरली.

“दोन लेकरांचा बाप, आणि बिनलग्नाचा म्हणून दाखवता? आमच्याकडून नकार समजा.”

आईनं फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर बसली. “निख्या, ओवी कोण?”

“अगं, कुणी नाही!”

“तिला कुणी नाही म्हणतोस? काळजाचा तुकडा म्हणालास ना?” मामांनी व्हिडिओ पाठवला होता. आईनं पदर डोळ्याला लावला. “लग्न केलंस, नाही केलंस, मी काही बोलले असते का? नातवंडांचं तोंड तरी दाखवायचंस रे! मोठा कोण, अर्णव का?”

जन्मदात्या आईची ही तऱ्हा, तर येवल्याला काय म्हणत असतील? गौरी हातची जाणार, आणि तीही मी न केलेल्या पराक्रमापायी! म्हटलं, काही नाही, समोर जाऊन खरं सांगायचं. रविवारी आईला घेऊन येवल्याची एसटी पकडली. येवला येईपर्यंत आई अधूनमधून हळूच विचारत होती, “नक्की नाहीत ना रे?” आणि मी नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा.

नानांच्या घरी पुढच्या खोलीत माग. बाजूला नाना बसलेले, शेजारी मामा मोबाइल घेऊन तयार, आणि गौरी मागाजवळ उभी. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. मामांनी सरळ व्हिडिओ लावला. ‘काळजाचे तुकडे आहेत ते माझ्या...’ माझाच भरलेला आवाज! असा राग आला मला त्या माणसाचा!

“नाना,” मी म्हणालो, “मुलं माझी नाहीत. गाडीच माझी नाही. मी ती दुसऱ्या माणसाकडून घेतली.”

“वा! सापडल्यावर गाडीही नाही आणि मुलंही नाहीत?” मामा म्हणाले. “पुरावा काय?”

पुरावा! मला एकदम तो फोन नंबर आठवला. मी तिथंच सुनी पेठला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. माझ्या हुशारीवर मीच खूश.

“हॅलो, सुनीभाऊ का?”

“भाऊ नाय, बाई बोलतेय. सुनंदा. कोण पाहिजे?”

बाई? “मी... निखिल. नाशिकहून.”

नाव ऐकलं मात्र! बाईंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! “आली का आठवण? तीन महिने झाले, माझं नाव घ्यायला जीभ अडते का तुमची?”

मामा उठून उभे राहिले.

“ताई, ते अर्णव आणि ओवी, म्हणजे...”

“पोरांची नावं राहू दिली, आन् आईचं तेवढं पुसलं! लय शहाणे!”

“म्हणजे पोरांची आईपण आहे!” माझ्या आईनं कपाळाला हात लावला.

“अहो ताई, देवाशप्पथ, मुलं कुणाची तेवढं सांगा!” मी जवळजवळ रडत होतो.

“कुणाची म्हंजे? माझी आन् माझ्या मालकाची! हे काय, बाहेर गाडी धुतायत. अवो, इकडं या, आपल्या गाडीचा चोर घावला!”

मग हळूहळू उलगडा झाला. सुनंदाताईंचं पेठला झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की त्या व्हिडिओ बघून थ्रीडी मॉडेल करायला शिकल्या. नवऱ्याची पिकअप टेपनं मोजून मोजून कॉम्प्युटरवर उभी केली. तो पोचासुद्धा खरा, नवऱ्यानं गाडी झाडाला घातली होती तेव्हाचा. नवऱ्यानंही फोनवर येऊन सांगितलं, मुलं आमचीच, या माणसाला आम्ही ओळखतसुद्धा नाही.

हुश्श! मामा खाली बसले. आईनं सुस्कारा टाकला, त्यात थोडा नातवंडं गेल्याचाही असावा. मी सुटलो होतो! निर्दोष! मी हसऱ्या चेहऱ्यानं नानांकडे बघितलं.

नाना हसत नव्हते.

“म्हणजे काम या बाईंचं,” त्यांनी सावकाश विचारलं, “आणि वर नाव तुमचं?”

“हो ना!” मी आनंदानं म्हणालो.

नाना उठले आणि मला मागापाशी घेऊन गेले. अर्धा विणलेला पदर होता, त्यावर मोर. मान जराशी वळवून मागे बघणारा. “हा गौरीनं काढला. ग्राफ पेपरवर, एक एक चौकोन भरून. काढायला सहा महिने लागले पोरीला. आम्ही पहिली साडी विकली, आणि महिन्याच्या आत हाच मोर मशीनच्या साडीवर बाजारात. मानसुद्धा अश्शीच. आता गिऱ्हाईक आम्हालाच विचारतं, हे डिझाइन तुम्ही तिकडून उचललं का?”

मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “पाहुणे, दोन लेकरं असती ना, तर मी एक वेळ विचार केला असता.”

त्या मोराकडे बघताना मला सुनंदाताईंचे ते तीन मेसेज आठवले. किती साधेपणानं विचारलं होतं बाईनं, राहिलं का म्हणून. मला लाज वाटली. अगदी कानापर्यंत वाटली. आणि गौरीकडे वर बघायची हिंमत होईना.

गौरीच बोलली. “फोन अजून चालू आहे.”

खरंच होता. सुनंदाताई सगळं ऐकत होत्या. गौरीनं माझ्या हातातून फोन घेतला. “ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा.” आणि मला म्हणाली, “लिहा.”

मी त्या मागाशेजारी उभं राहून आईच्या मोबाइलवरून मॉडच्या पानावर सुनंदाताईंचं नाव लिहिलं. खाली रस्तेवाला, झाडंवाला, क्रेटवाला. गौरी एकेक नाव तपासत होती, मी कारखान्यात पार्ट तपासतो तशी. चौघांची नावं झाली. पान अजून मोकळं होतं, पण माझं नाव टाकावं असं मी काही केलेलंच नव्हतं. फोनवर मी सुनंदाताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ठीके दादा. पण त्या व्हिडिओत रडला लय चांगले.”

परत निघताना मी गौरीला चाचरत विचारलं, “मग आपलं...?”

“होकार नाही. नकारही नाही,” ती म्हणाली. “सुनंदाताईंचा नंबर तेवढा पाठवा.”

नंबर पाठवला. मुलाखतीखाली खरं काय ते लिहिलं. त्या दिवसापासून नेटवर मला सगळे ‘ओवीचे बाबा’ म्हणतात, अजूनही म्हणतात. घ्या, भोगा!

पुढचे चार महिने पेठ आणि येवल्याचे फोन चालू राहिले. दोघींनी मिळून नवा मॉड करायला घेतला, पैठण्या घेऊन जाणारी गाडी, दोन्ही बाजूंना गौरीचा मोर. नानांनी परवानगी दिली, नाव टाकायच्या अटीवर. आणि गाडी चालवून चुका काढायला त्यांना एक रिकामा माणूस हवा होता. तो कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. मी गाडी चालवायचो, घाटातून दरीत पाडायचो, कुठं काय बिघडतंय ते कळवायचो. गौरी उत्तरात एवढंच लिहायची, ‘बघते.’ त्या एका शब्दावर मी आठवडा काढायचो.

अखेर मॉड आला. मी आधी नावांची यादी उघडली. गाडी: सुनंदाताई. मोर: गौरी. मोर पहिल्यांदा विणला: नाना. गाडी धुऊन मोजायला दिली: सुनंदाताईंचे मालक. एकाचंही नाव सुटलेलं नाही! आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात:

‘गाडी घाटातून दरीत पाडून दाखवली: निखिल (गौरीचा होणारा नवरा).’

अहो, मला होकार हा असा कळला! मी ओरडतच आईकडे गेलो. तिनं चष्मा लावून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि संशयानं माझ्याकडे बघितलं. “हे तरी तूच केलंयस ना? की कुणाचं नाव पुसून आपलं लिहिलंस?”

“आई, तुझी शपथ,” मी म्हणालो, “अकराच्या अकरा वेळा मीच पाडली!”