लिंबाजीकाका आदल्या दिवशीच जाऊन आले

आमचे लिंबाजीकाका वीस वर्षं झरीहून परभणीला त्याच एसटीनं, त्याच खिडकीपाशी बसून कामाला जातात. तिसरं गाव बघितलंच न्हाई! गंगाखेडहून सरजाआत्याचा निरोप आला, "दादा, रविवारी पोराचं जावळ हाय. मामाच्या मांडीबिगर न्हावी वस्तरा लावणार न्हाई."

नव्या गावाला जायच्या धसक्यानं काकांनी जेवणच सोडलं. मला लय रडू आलं.

शनिवारी काका गायब! संध्याकाळी धुळीनं माखून वापस आले.

"काका, कुठं गेल्ता?"

"गंगाखेडला. सरजीच्या दाराला हात लावला अन् आलो."

"आत न्हाई गेले?"

"येड्या, जावळ उद्या हाय. आज नुसतं नवेपण काढून आलो."

रविवारी भाचा मांडीवर किंचाळाय लागला. काका त्याला म्हणले, "तू बी काल एकदा बसून बघायचं की!"