सतरा किलोचे बारा किलो कसे झाले

जानेवारी, मोताळ्याच्या बाजाराचा दिवस, सकाळी साडेदहा. हजर: मी (फिजिओथेरपिस्ट), माझी असिस्टंट वैशाली, दाराच्या चौकटीत एक पाय ओपीडीकडे ठेवून आमचे डॉक्टर, आणि तपासणीच्या पलंगावर पाय सोडून बसलेल्या कौसल्याबाई. गैरहजर: पाच किलो.

सहा आठवड्यांपूर्वी कौसल्याबाईंच्या उजव्या पायाची ताकद सतरा किलो भरली होती. आज बारा. मधल्या काळात त्यांनी मी दिलेले व्यायाम रोज केले होते. निदान तक्त्यावर रोजची टिक होती.

"व्यायामानं ताकद कमी होते का मॅडम?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही होत."

"मग तक्ता खोटा, नाही तर मशीन खोटं. आज काय ते ठरवा. बाईंचं सर्टिफिकेट अडलंय."

कौसल्याबाई सत्तावन्न वर्षांच्या. जवळच्याच एका गावात अंगणवाडी मदतनीस. डायबेटीस अकरा वर्षांचा. दिवाळीआधी त्या दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा कडेवर मूल होतं. मुलाला खरचटलंही नाही, पण सुपरवायझर बाईंनी फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. त्यांचंही चूक नव्हतं. डॉक्टरांनी साखर, डोळे, तळपायाची संवेदना सगळं पाहिलं. दोष निघाला मांडीत. डायबेटीस जुना झाला की पायांचे स्नायू हळूहळू कमजोर होतात, आणि माणूस पडेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे व्यायाम करा. ताकद वाढताना दिसली तर लिहून देतो. नाही तर काम सोडा.

ही ताकद मोजतात कशी, ते सांगते. आमच्याकडे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे, डायनॅमोमीटर. पेशंटनं पलंगावर गुडघे वाकवून बसायचं. मोजणाऱ्यानं यंत्र नडगीवर, घोट्याच्या थोडं वर धरायचं. पेशंटनं पाय पुढे ढकलायचा, मोजणाऱ्यानं तो पुढे येऊ द्यायचा नाही. पाच सेकंद. पडद्यावर किलोचा आकडा येतो. मध्ये एक मिनिट आराम, असं तीन वेळा. यंत्र सरळ आहे. भानगड माणसांची. यंत्र दोन बोटं वर सरकलं, पेशंट मागे रेलला, मोजणारा कमी पडला, की आकडा बदलतो. म्हणून मोजताना काय काय तपासायचं याची मी यादी केलीय. भिंतीवर लावलेली आहे, नऊ कलमं.

ती यादी घेऊन मी सुरुवात केली. यंत्रावर पाच किलोचं वजन ठेवलं, पाचच दाखवलं. नडगीवर टेपनं मोजून केलेली खूण बरोबर. साखर ठीक. नाश्ता झालेला. दुखतंय का?

"काही नाई दुखून राह्यलं बाई."

वैशाली अंगानं बारीक आहे. तीच मागे ढकलली जाते का, अशी शंका डॉक्टरांना आली. म्हणून तिला पुन्हा मोजायला लावलं आणि मी बाजूला उभी राहून पाहिलं. पाय जागचा हलला नाही, वैशालीही नाही. आकडे मात्र आले आठ, तेरा, दहा. जुना कागद काढला. तेव्हाही वैशालीनंच मोजलं होतं: सतरा, सतरा, सोळा. इथे मला पहिला धागा सापडला. माणूस पूर्ण जोर लावतो तेव्हा तीन आकडे एकमेकांच्या जवळ येतात. आठ आणि तेरा म्हणजे कमजोरी नव्हे. म्हणजे हात आखडता.

पडताळा म्हणून खुर्ची दिली. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायचं, बसायचं. पहिल्यांदा एकोणीस सेकंद लागले होते. आज चौदा.

"तक्ता खरा आहे," मी डॉक्टरांना ओपीडीत जाऊन सांगितलं.

"मग ताकद कुठे गेली?"

"आहे पायातच. बाहेर येत नाहीये."

"सर्टिफिकेटवर असं लिहू का?"

परत आले. वैशालीला बाहेर पाठवलं आणि स्वतः यंत्र धरलं. सोळा, पंधरा, सोळा. एकच बाई, एकच पाय, अर्ध्या तासात दोन मोजणाऱ्यांचे दोन आकडे. अशा मोजणीवर कुणाची नोकरी ठरवायची नसते.

"कौसल्याबाई, वैशालीपाशी जोर काऊन नाही लावला?" त्यांच्यासारखंच विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला. तेवढ्यात वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन आत आली.

"घ्या मामी."

"मामी?" मी म्हटलं.

वैशाली हसली. "मॅडम, माझ्या आईचं माहेर यांच्याच गावचं. मलेच माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात बोलता बोलता निघालं."

"पह्यल्यांदा आली तवा ओयखलं नाई म्या इले," कौसल्याबाई म्हणाल्या. "मंग समजलं का आपल्या गावच्या लेकीची लेक हाय. साऱ्या गावची भाची झाली ना बाई! अन् तुमी म्हनता, लाव जोर. भाचीले लात कशी मारू?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या भागात भाची मानाची. मामा-मामी तिच्या पाया पडतात, तिला पडू देत नाहीत. तिला पाय लागणं म्हणजे पाप. मला आता आठवलं, प्रत्येक मोजणीनंतर कौसल्याबाई वैशालीच्या हाताला हात लावून तो कपाळाला नेत होत्या. मी पाहिलं होतं. यादीत त्याचं कलम नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं.

"मामी, ती तपासणी आहे, लात नाही," वैशाली म्हणाली.

"तुह्यासाठी तपासनी. वरून देव पाह्यते त्याले काय दिसते? हेच ना का बुढी पोरीले लाता मारून राह्यली!"

"पण मामी, तुमची नोकरी जाईल ना!"

"जाईन तं जाईन," त्या म्हणाल्या. मग हळूच, "बावीस पोरं हायेत वं माय. माह्याशिवाय जेवत नाईत."

समजावून काही होणार नव्हतं. बाईंना बदलण्यापेक्षा पद्धत बदलणं स्वस्त. मी दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या एका टेम्पोवाल्याकडून ताडपत्री आवळायचा रुंद पट्टा मागून आणला. त्याचं एक टोक पलंगाच्या मागच्या लोखंडी पायाला बांधलं, फास नडगीभोवती घेतला, पट्टा आणि नडगी यांच्या मध्ये यंत्र. आता पाय अडवायचं काम पट्ट्याचं. वैशालीनं फक्त यंत्र घसरू नये म्हणून दोन बोटं लावायची.

"आता कोणाला ढकलताय तुम्ही?" मी विचारलं.

कौसल्याबाईंनी खाली वाकून पट्टा, गाठ आणि पलंगाचा पाय नीट पाहून घेतला. "पलंगाले."

"चालेल?"

"हाव. पलंग काही कोनाचा भाचा नाई."

एकवीस. वीस. एकवीस. पलंग करकरला. वैशालीनं टाळी वाजवली. माझ्या हाताला सोळा आले होते, म्हणजे मलाही थोडी सूट मिळालेली होती. ते मी निमूटपणे लिहून घेतलं.

डॉक्टर लगेच मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. हातानं धरून घेतलेला सतरा आणि पट्ट्यानं घेतलेला एकवीस हे शेजारी मांडता येत नाहीत. पद्धत बदलली की जुना आकडा बाद. त्यांनी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. एकदा मी मोजलं, एकदा वैशालीनं, एकमेकींचे कागद न पाहता. दोघींचे वीस-एकवीस. खुर्चीचे सेकंद चौदा, पहिल्यापेक्षा पाच कमी; वाढ दाखवायला तेवढं पुरलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेन काढलं. कामास योग्य, सध्या मुलांना कडेवर घेऊन चालू नये, तीन महिन्यांनी फेरतपासणी.

कौसल्याबाईंनी सर्टिफिकेट पिशवीत घातलं, वैशालीच्या पाया पडल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी घाईनं दोन पावलं मागे सरकले.

त्यानंतर आमच्याकडे सगळ्यांनाच पट्टा. वैशालीनं हातानं मोजलेले, तीन आकडे पांगलेले आठ पेशंट आम्ही पुन्हा बोलावले. सहा जणांचे तीन आकडे आता जवळजवळ येतात. एका आजोबांनी सांगितलं, डॉक्टरीणबाईच्या, म्हणजे वैशालीच्या, हातावर पाय रेटायचा म्हणजे कसंतरीच वाटायचं. हे ते आधीच बोलले असते. आम्ही विचारलं नव्हतं. भिंतीवरच्या यादीत दहावं कलम आलं: पेशंट कोणाला ढकलतोय? यंत्र किती अचूक हे कंपनी सांगते. माणूस का थांबला हे माणसालाच विचारावं लागतं.

कौसल्याबाईंची फेरतपासणी एप्रिलमध्ये होती. आल्या नाहीत. मी फोन केला.

"येतो ना बाई, पन पोरं कोनापाशी सोडू? तुमीच या. मशीन तं पिशवीत मावते."

यंत्र मावतं. पट्टाही मावतो. पण अंगणवाडीत पलंग नाही, आणि खुर्च्या तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. पट्टा बांधायला तिथे एखादा पक्का खांब आहे का, आणि उंच बसायला काय मिळेल, हे विचारायचं राहून गेलं. माझ्या वहीत कौसल्याबाईंच्या नावापुढची चौकट अजून रिकामी आहे.